हौशी मालक : परभणी जिल्ह्यातील आढळ व सवयी

हौशी मालक परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत आढळतो. दाट वस्ती परभणी शहरात, विशेषतः वसमत रोड आणि स्टेशन रोडच्या बाजूने. सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर येथे मध्यम. पालम-सोनपेठकडे तो कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, ठळकपणे दिसू लागतो. साधा मालक वस्तू घेतो, वापरतो आणि विसरून जातो. हौशी मालक घेण्याआधी सहा महिने तिच्याविषयी बोलतो आणि घेतल्यानंतर तिची राखण करतो. मोटार असो, मोबाइल असो की मनगटावरचे घड्याळ, वापर म्हणजे वस्तूला असलेला धोका, अशी त्याची पक्की समजूत असते. या जिल्ह्यात ती समजूत अगदीच निराधार म्हणता येत नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण इतर लोक गमतीने म्हणतात. हौशी मालक ती तांत्रिक माहिती म्हणून वाचतो. जर्मनीत द्रुतगती मार्गांच्या बऱ्याच भागावर वेगमर्यादा नाही. परभणीतही त्या पाटीची फारशी गरज पडत नाही, ते काम रस्ता स्वतः करतो. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादकरांनी एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे 65 कोटी रुपये. ही बातमी परभणीच्या हौशींनी इतक्या वेळा सांगितली आहे की त्यातल्या दहा-बारा गाड्या जिंतूर रोडवर येऊन गेल्याचे आता सर्वांनाच आठवते. प्रत्यक्षात इथला हौशी बहुतेक देशी किंवा कोरियन गाडीवरच थांबतो. मात्र दार लावताना ‘धप्’ असा भारदस्त आवाज आला की तो पाहुण्यांना थांबवून ते दार पुन्हा एकदा लावून दाखवतो.

खरेदी दसऱ्याला किंवा पाडव्याला होते. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढे नारळ. इथपर्यंत सगळे मालक सारखेच. फरक नारळापाशी दिसतो. हौशी मालक तो गाडीपासून चांगला पाच फुटांवर फोडतो, कारण पाण्याचे डाग सिरॅमिक कोटिंगवर राहतात असे त्याने वाचलेले असते. सीटवरचे प्लास्टिक त्यानंतर किमान एक उन्हाळा काढले जात नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो, तेव्हा त्या प्लास्टिकवरून उठणाऱ्या माणसाचा आवाज दोन घरे पलीकडे ऐकू जातो. टायरमध्ये हौशी नायट्रोजन भरतो. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, हे त्याला ठाऊक असते. तो पैसे मोजतो ते उरलेल्या 22 टक्क्यांसाठी.

क्रमांक हा स्वतंत्र विषय आहे. जिल्ह्याच्या एमएच 22 या मालिकेत 4141 ला पूर्वी फार मागणी असे, कारण आकडे थोडे वळवून काढले की पाटीवर ‘दादा’ उमटायचे. उच्च सुरक्षा नंबरप्लेटने ही कला बुडवली. आता सगळे दादा सरळ, सारख्या अक्षरांत 4141 म्हणून फिरतात आणि त्यांना कोणी ओळखत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत परभणीचे स्थान राष्ट्रीय आहे. इथले इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरवरून टँकरने येते आणि वाहतुकीचा खर्च दरात मिसळतो. म्हणून पेट्रोलची किंमत चढू लागली की दिल्लीतल्या वृत्तवाहिन्यांना परभणी आठवते. सप्टेंबर 2018 मध्ये लिटरमागे नव्वदी ओलांडताना आणि मे 2021 मध्ये शंभरी गाठताना परभणीचे नाव देशभर झळकले. शहाणा माणूस अशा गावात सायकल घेईल. हौशीने याच काळात मोठ्या इंजिनची गाडी बुक केली, आणि दर विचारणाऱ्याला ‘देशात आपणच पुढं हाव’ असे सांगताना त्याच्या आवाजात तक्रारीपेक्षा अभिमान जास्त होता.

एवढ्या महाग इंधनामुळे ‘गाडी किती देती?’ हा प्रश्न जिल्ह्यात नमस्काराच्या जागी वापरला जातो. याचे अधिकृत उत्तर पुण्यात तयार होते. कोथरूडच्या वेताळ टेकडीवर 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे. तिथल्या खोलीत गाडी रुळांवर उभी करून, एसी बंद ठेवून, आखून दिलेल्या वेगाने पळवली जाते. तिच्यापुढे म्हैस येत नाही, टमटम मधेच वळत नाही आणि शिवाजी चौकात ओळखीचे कोणी भेटत नाही. ब्रोशरमधला आकडा असा येतो. त्यात आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. गोदाकाठचा हौशी या प्रश्नावर मोठ्या अडचणीत सापडतो. त्याच्या गाडीचे ॲव्हरेज इथेनॉलने पाडलेले असते, आणि त्या गाडीचा हप्ता उसाच्या बिलातून जात असतो.

खरे ॲव्हरेज काढण्याची हौशीची पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. सकाळी लवकर, पेट्रोल थंड असते म्हणून, तो पंपावर जातो. बंदूक आपोआप बंद पडते. पंपावरचा पोरगा म्हणतो, ‘झालं काका, कट झालं.’ हौशी ऐकत नाही. तो मागे जाऊन डिकीला दोन्ही हात लावतो आणि गाडी गदागदा हलवतो, आतली हवा निघावी म्हणून. ‘बसंल अजून, बसंल.’ पन्नास रुपयांचे बसते. पुन्हा हलवणे, पुन्हा वीस रुपयांचे. मागे दुधाच्या कॅन लावलेल्या मोटारसायकली हॉर्न वाजवत असतात. तोंडापर्यंत टाकी भरली की तो डॅशबोर्डच्या खणातून डायरी काढतो, किलोमीटर लिहितो आणि आठवड्याने हाच प्रयोग त्याच पंपावर, त्याच नोझलला करतो. भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत जातो. या प्रयोगासाठी जे फिरणे होते, त्याशिवाय त्या आठवड्यात गाडीला दुसरे काम नसते.

रस्त्यांचा दोष पूर्णपणे कंत्राटदारावर टाकणे अन्यायाचे होईल; काही वाटा जमिनीचाही आहे. इथली काळी कसदार माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती मानवते, डांबराला नाही. वर्षातून दोनदा श्वास घेणाऱ्या या जमिनीवर टाकलेला रस्ता लवकरच लाटांचा आकार घेतो. म्हणून हौशी गाडीचा वेग सांगत नाही, ग्राउंड क्लीअरन्स सांगतो, तोही मिलिमीटरमध्ये. गतिरोधकावर तो गाडी तिरकी घालतो, एक चाक आधी, एक मागून, आणि तळ घासल्याचा आवाज आलाच तर आतले सर्वजण काही क्षण बोलत नाहीत. मागच्या सीटवरच्या आजीलाही तेवढे कळते.

गाडी खरोखर पळवायची तर जालन्याला जावे लागते. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. तो परभणी जिल्ह्याला शिवत नाही. त्यामुळे हौशी मंडळी रविवारी शंभरावर किलोमीटर खड्डे चुकवत जालना गाठतात, महामार्गावर चढून ताशी 120 ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर अर्धा तास क्रूझ कंट्रोल लावून बसतात, टोल भरून उतरतात, चहा पितात आणि आल्या खड्ड्यांतून परत येतात. जालना-नांदेड जोडमार्ग मंजूर झाला आहे आणि तो जिल्ह्यातून जाणार आहे. रस्ता यायचा आहे. त्याला साजेशा गाड्या परभणीत येऊन उभ्या आहेत.

टॉप मॉडेलमध्ये सनरूफ असते. ते उघडावे अशी हवा परभणीत वर्षातून काही आठवडेच मिळते. उरलेल्या काळात ऊन, पाऊस किंवा फुफाटा. तरीही बेस मॉडेल घेणाऱ्याकडे हौशी कणवेने पाहतो. त्याहून वरचे प्रकरण म्हणजे गाडीला स्वतःचे डोळे देणारी यंत्रणा. ती रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या पाहून गाडी लेनमध्ये ठेवते. पट्ट्या नसल्या की गप्प बसते, म्हणजे बहुतेक वेळ गप्पच असते. ऊसतोडीच्या हंगामात रात्री दिव्याविना चाललेल्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला वाहन म्हणावे की डोंगर, हे तिला ठरवता येत नाही. सुगीत रस्त्यावर पसरलेली तूर दिसली की पुढचा पेच. शेतकरी कडेला बसून वाट पाहत असतो की येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली शेंगा फुटाव्यात. वीस लाखांची गाडी मळणीयंत्र म्हणून फुकट वापरली जाते, आणि तिच्या पडद्यावर या कामासाठी वेगळा मोड नाही.

घरातल्या यंत्रांचे वर्तन फार वेगळे नाही. एकशे आठ मेगापिक्सेलचा फोन साध्या सेटिंगवर नऊ-नऊ ठिपके एकत्र करून बारा मेगापिक्सेलचाच फोटो काढतो. तो व्हॉट्सॲपवर गेला की आणखी आकसतो. आणि भावकीच्या ग्रुपवर पोहोचल्यावर त्यावर गुलाबाचे फूल व ‘शुभ सकाळ’ चढते. फोनला टेम्पर्ड ग्लास, त्यावर कव्हर, कव्हरवर पाऊच. फोन किती पातळ आहे हे फक्त दुकानदाराने पाहिलेले असते. स्मार्ट घड्याळ पावले मोजते. खराब रस्त्याने तासभर गाडी चालवून आल्यावर ते कधीकधी व्यायामाबद्दल अभिनंदनही करते, आणि हौशी ते नाकारत नाही.

समाजात त्याला सल्लागाराचा दर्जा असतो. लग्नात, बारशात, तेराव्याच्या जेवणातही कोणीतरी शेजारी सरकून विचारते, ‘मालक, वीस हजारात कोणता घ्यावा?’ हौशी प्रोसेसरपासून सुरुवात करतो. पंगत उठते, पानसुपारी होते, तो अजून बॅटरीवर असतो. शेवटी सल्ला नेहमी एकच : ‘दोन महिने थांबा, नवीन यायलंय.’ विचारणारा मान डोलावतो आणि संध्याकाळी मेव्हण्याबरोबर दुकानात जाऊन, मेव्हण्याकडे आहे तोच फोन घेतो.

चार-पाच वर्षांनी, बहुधा त्याच गाडीची नवी आवृत्ती आल्यावर, विक्री होते. ‘सिंगल हँड, टकाटक, कधी रात्री बाहेर काढली नाही’ असे तिचे वर्णन केले जाते आणि ते खरे असते. गिऱ्हाईक पूर्णा किंवा पाथरीकडून, सोबत एक मिस्त्री घेऊन येते. मिस्त्री बॉनेट उघडतो, ऑइलची दांडी पुसून पाहतो, काही बोलत नाही. गिऱ्हाईक विचारते, किती देती? हौशी खणातून डायरी काढतो आणि पहिल्या पानापासून वाचू लागतो. तोपर्यंत गिऱ्हाइकाने मागची सीट पाडून पाहिलेली असते. खताची आठ पोती बसतात की दहा, यावर मिस्त्रीशी त्याचा वाद चालू असतो.