सांभाळखर्चाचे शास्त्र

मैत्रिणीचे मूल दोन तास सांभाळताना होणारा अनपेक्षित खर्च सांभाळणारीनेच सोसावा, ही मराठी मध्यमवर्गाची अत्यंत सुटसुटीत पद्धत आहे. तीत पावती नसते आणि कटुताही नसते. निदान बोलून दाखवलेली नसते.

खर्चाचा उगम बहुधा क्षुल्लक असतो. चार वर्षांचा पाहुणा दिवाणावर बसून, दूधवाल्यासाठी काढून ठेवलेले पाच रुपयांचे नाणे गिळतो. मग रिक्षा, डॉक्टरांची फी, एक्स-रे, पुन्हा रिक्षा आणि रडे थांबावे म्हणून वाटेत घेतलेला फुगा. संध्याकाळी आई येते. “किती झाले ते सांग हं,” असे ती चपला घालता घालता म्हणते. यावर “काहीतरीच काय!” हे एकमेव वैध उत्तर असून, ते उच्चारताच खाते बंद होते.

कायदा इतका उदार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६८ नुसार, करार करण्यास अक्षम व्यक्तीला जीवनावश्यक गोष्टी पुरवणाऱ्यास त्याची भरपाई त्या व्यक्तीच्या मालमत्तेतून मागता येते. मूल अज्ञान असल्याने कलम चपखल बसते आणि आईवडिलांपुढे तोंड उघडण्याचा संकोच उरत नाही. (फुगा जीवनावश्यक आहे की नाही, हे रडण्याच्या पट्टीवर ठरावे.) प्रस्तुत प्रकरणी ऋणकोची एकूण मालमत्ता एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते. वसुलीस साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर त्याला केळी द्यावीत. केळ्यांचा खर्च अर्थातच सांभाळणारीकडे.