आमच्या घरच्या तेवीस वायरी

स्टुटगार्ट,
रविवार

ती. बाबा व ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. थंडी भरपूर आहे, भेंडी महाग आहे आणि तुमचा नातू अजून श्रीखंडाला 'पिवळं दही' म्हणतो. परवा फोनवर आई विचारत होत्या, मागे सारखा घूंऽऽ आवाज कसला येतोय? तो तुमच्या चिरंजीवांच्या हीट गनचा. प्रकरण फोनवर मावणारं नाही, म्हणून पत्र.

हल्ली कॉम्प्युटरच्या डब्याला एका बाजूने काच असते. पूर्वी तिथे पत्रा होता, तोवर आत वायरींचा गुंता असला तरी कोणाचं काही अडत नव्हतं. काच आली आणि ह्यांना आतली वायर न् वायर खुपायला लागली. पॉवर सप्लायमधून मदरबोर्डाकडे जाणारा मोठा कनेक्टर २४ पिनांचा. ह्यांनी ठरवलं, प्रत्येक वायरीवर वेगळी काळी जाळी चढवायची आणि दोन्ही टोकांना हीट श्रिंकची नळी बसवायची.

कृती सांगते. आधी कनेक्टरमधून पिन बाहेर काढायची. तिला दोन बारीक कान असतात, ते आत अडकून बसतात. ते दाबायला खास हत्यार मिळतं, पण इथे रविवारी दुकानं बंद. म्हणून स्टेपलरच्या पिना सरळ करून कामाला लागले. नातवाच्या शाळेचे कागद तेव्हापासून सुटे फिरताहेत. मग जाळीत वायर घालायची. आई, हे थेट परकरात नाडी ओवण्यासारखं आहे. जाळी मागे सारली की फुगते, ओढली की आवळते. कापलेल्या टोकाच्या लगेच दशा सुटतात, म्हणून ते लायटरने जरासं वितळवायचं. शेवटी दीडेक सेंटिमीटर नळी, अर्धी जाळीवर अर्धी वायरीवर, अशी धरून गरम करायची. बघता बघता ती आक्रसून घट्ट बसते.

नळीचं रहस्य ह्यांनी जेवताना समजावलं. वरण निवलं, पण मला पटलं. हे प्लॅस्टिक तयार करताना त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून आतले रेणू एकमेकांत जखडून टाकतात. मग ते तापवून रुंद ताणतात आणि त्याच अवस्थेत थंड करतात. पुन्हा साधारण १०० अंशांच्या आसपास गेलं की ते आपल्या मूळ मापावर परत येतं. या विद्येवर पॉल कुक नावाच्या गृहस्थांनी १९५७ साली कॅलिफोर्नियात रेकेम कंपनी उभी केली. म्हणजे नळीला आपलं मूळ माप आठवतं. ह्यांना मात्र तळघराची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही.

सुरुवातीला माझ्या हेअर ड्रायरवर प्रयोग झाला. तेवढ्या उष्णतेला नळी दाद देईना. ड्रायर मला परत मिळाला, वास मात्र जायचा आहे. लायटरने नळीवर काजळी धरते, म्हणून शेवटी हीट गन आली. रविवारी इथे ड्रिल चालवलं तर शेजारी दार ठोठावतात. हीट गनला अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. वायर सजली, पिन खटकन बसली, हे खुशीत मागे सरले, आणि नळी टेबलावरच राहिलेली! ती पिन लावण्याआधी ओवायची असते, कनेक्टरवरून जात नाही. वीज मंडळात तुम्ही ११ केव्हीच्या केबलवर हीट श्रिंकचे जॉइंट करवून घेतलेत, तेव्हा 'आधी नळी, मग जोड' हे तुम्ही लेकाला वेळेवर का नाही शिकवलंत?

दुसरी तक्रार रंगांची. मूळ वायरींत पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, काळी ग्राउंडची. हिरवीवरून चालू होण्याची आज्ञा जाते. लाल-पिवळी-निळी फेज पाठ असलेल्या माणसाला पटेल अशी व्यवस्था. ह्यांनी सगळ्यांना काळं केलं. आता कुठली कोण हे कळावं म्हणून एका वेळी एकच वायर सोडवायची, सजवायची आणि तिच्याच घरात परत ठेवायची. शिवाय २४ घरांपैकी एक मुळातच रिकामं असतं. पूर्वी तिथे उणे ५ व्होल्टची वायर यायची, आता येत नाही. ती हरवली समजून सगळ्यांनी सोफ्याखाली शोधली.

खालच्या आजी जिन्याच्या साफसफाईची आमची पाळी आली की पायऱ्यांवरून बोट फिरवून बघतात. इकडे आठवड्याच्या पाळीचा हा रिवाज कडक आहे. त्यांनी परवा काचेतून आत पाहिलं आणि मान डोलावली. या घरातल्या कुठल्याही कामाला त्यांची ही पहिली पसंती.

एवढं करून कॉम्प्युटर वेगाने चालतो का? छे. होता तस्साच. पण खोटं का बोलू, आत पाहिलं की बरं वाटतं. ह्यांचे पुढचे बेत मात्र मी थांबवले आहेत. मिक्सरच्या वायरीला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायच्या केबल दिसायला सारख्या म्हणून जोडायच्या नाहीत. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची निराळी, चुकीची लागली तर हार्ड डिस्क जळते. हे ह्यांनीच सांगितलं, म्हणून ह्यांनाच बजावलं.

उन्हाळ्यात याल तेव्हा बाबांनी पॅनेलच्या वायरींवर घालतात त्या नंबरांच्या फेरूल घेऊन याव्यात, म्हणजे कुठली काळी कोण ते कळेल. पण आधी गोडा मसाला आणि मेतकूट भरा. फेरूल उरलेल्या जागेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची सून