बायको नसल्याचे दहा गुण

ऑस्ट्रेलियात कायमचं जायचं असेल तर बायको नसावी. नसल्याचे दहा गुण मिळतात. ही आमची टवाळी समजू नका. तिथल्या स्किल्ड व्हिसाच्या गुणतक्त्यात १६ नोव्हेंबर २०१९ पासून हे रीतसर छापलेलं आहे. जोडीदार नसेल तर १०. असेल आणि तिला बऱ्यापैकी इंग्रजी येत असेल तर ५. येत नसेल तर भोपळा. ती स्वतः पंचेचाळिशीच्या आतली, इंग्रजी येणारी आणि यादीतल्या एखाद्या व्यवसायात तिचंही स्किल असेसमेंट झालेलं असेल, तर मात्र पुन्हा १०. म्हणजे सर्वगुणसंपन्न बायको मिळवून माणूस कुठे पोहोचतो? बायको नसताना जिथे होता तिथे.

आता वर्ध्याच्या रामनगरातलं ते जोडपं डोळ्यांपुढे आणा. तुम्ही ओळखताच. तो इंजिनिअर, नोकरी पुण्याची, बसणं घरी. ती एम.ए. मराठी, बी.एड. भिंतीवर लग्नाचा फोटो, लॅपटॉपमध्ये एक्सेल. त्या एक्सेलमध्ये लिहिलंय: वय २५, इंग्रजी २०, पदवी १५, अनुभव १५. एकूण ७५. पास व्हायला ६५ लागतात, पण सॉफ्टवेअरवाल्यांची गर्दी एवढी, की ७५ वाल्याला कुणी हाक मारत नाही. मागच्या वर्षी वयाचे ३० होते. तेहतीस पूर्ण झाली आणि ५ गेले. घरात केक कापत होते, तिकडे गुण कापले जात होते. एक्सेलच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय, ‘स्पाउस: ०’. शेजारी कंसात, ‘नसती तर ८५’. ही फाईल घरच्या लॅपटॉपवर आहे आणि पासवर्ड बायकोचीच जन्मतारीख आहे. पुढचं आम्ही सांगत नाही.

खरं तर या लग्नाचे गुण एकदा काढून झाले होते. आर्वीच्या गुरुजींनी पत्रिका मांडल्या, ३६ पैकी २८ जुळले, नाडीचे ८ च्या ८ आणि भकूटाचे पूर्ण ७. आपलं शास्त्र तसं मोठ्या मनाचं. १८ गुणांवर पास, म्हणजे निम्म्यावर संसार. शिवाय त्यात कमी पडले तर दोघांचे मिळून कमी पडतात, एकट्या पोरीच्या नावावर कुणी शून्य मांडत नाही (निदान कागदावर तरी). नागपूरच्या एजंटकडे मात्र नवी पत्रिका. तिथे नाडीच्या जागी इंग्रजी. नाडीदोषाला शांत असते तशी इंग्रजीदोषालाही आहे: दोन महिन्यांचा क्लास, मग आयलेट्सची परीक्षा, फी पंधरा हजारांच्या वर, आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारींत किमान सहा-सहा. एकात साडेपाच आले की शांत पुन्हा. दक्षिणा परत मिळत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

कॅनडा त्यातल्या त्यात भिडस्त. तिथे एकट्याला मूळ गुण ५०० पर्यंत. बायको असली की त्याची मर्यादा ४६० वर येते आणि उरलेले ४० तिने कमवून आणायचे. त्या ४० पैकी २० भाषेचे, १० शिक्षणाचे, १० कॅनडातल्या कामाचे. लग्नात सासरच्यांनी ‘आम्हाला काही नको’ म्हणावं आणि पोरीने काय काय आणलं ते मागच्या खोलीत मोजावं, त्यातलाच हा प्रकार.

बरं, रामनगरच्या वहिनींना इंग्रजीचा कागदच मिळाला नाही, तर? तरी ऑस्ट्रेलियाला नेता येतं. जवळपास पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जास्तीचे भरा आणि बायको न्या. मराठी माध्यमात शिकल्याचा दंड! इथे मात्र आमचं डोकं फिरतं. ऑस्ट्रेलियावर कशाला फिरावं, तो परका देश. डोकं फिरतं ते याच्यावर, की हा तक्ता आपल्याकडे त्यांच्याआधीपासून लागू आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि देशाला सांगून मोकळी झाली, की सात वर्षं शिक्षण सक्तीचं, मोफत, मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून द्या. ‘वर्धा योजना’ हे नाव आजही शिक्षणाच्या परीक्षेत दोन मार्कांना येतं. त्याच वर्ध्यात आज टिनाच्या शेडला ‘कॉन्व्हेंट’ अशी पाटी लावली, की सकाळी सात वाजता ऑटोत चौदा लेकरं कोंबून पाठवली जातात, आणि झेडपीच्या शाळेत मास्तर पोरं मोजत बसतो, पट कमी झाला तर शाळाच राहत नाही म्हणून. वहिनींनी मुलाखतीला जावं, तर त्या टिनाखालची बाई त्यांना विचारते, ‘इंग्लिश स्पीकिंग आहे का?’ ती स्वतः हा प्रश्न मराठीत विचारते. पगार सहा हजार. वहिनींच्या नावापुढे शून्य मांडायला सिडनीच्या साहेबाला विमानात बसायची गरजच नव्हती. आणि हो, हाताच्या कामातून शिक्षण म्हणाल, तर गवंडी, सुतार, वेल्डर, प्लंबर हे सगळे त्या परक्या यादीत कुशल म्हणून बसलेत. आपल्याकडे आयटीआय केलेल्या वेल्डरला लोक गेट करून मागतात, पोरगी देत नाहीत.

त्याच यादीत अजून खाली उतरा. प्रादेशिक व्हिसाच्या भागात मेंढ्या पाळणारे, गाई पाळणारे आणि त्यांच्याच पंगतीत कोण बसलंय पाहा: कापूस उत्पादक. होय, राजेहो! कापूस पिकवणं हा ऑस्ट्रेलियात नोंदलेला कुशल व्यवसाय आहे. हे वाचून हिंगणघाटच्या यार्डात गाडीवर बसून भावाची वाट पाहणाऱ्याने हसावं की रडावं, ते त्याने ठरवावं. आम्हाला दिसतो तो देवळीकडचा तीस वर्षांचा पोट्टा. आठ एकर कपाशी, थोडी तूर, स्वतःची विहीर, सुपारीसुद्धा न खाणारा. त्याच्याकडे पाहुणे येतात ते विहीर पाहतात, सातबारा पाहतात, पोहे खातात आणि पोराकडे न पाहताच ‘कळवतो’ म्हणून जातात. पोरीच्या बापाला कापूस फक्त गादीत चालतो. शहरात बारा हजारांवर राबणारा जावई चालतो, कारण त्याला ‘नोकरी’ आहे. तर या पोट्ट्याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. वय तीस, गुण ३०. आठ वर्षं शेती, गुण १५. प्रादेशिक नामांकन मिळालं तर १५. झाले ६०. आणि अख्ख्या गावाने ज्याच्यासाठी त्याला पारावर हिणवलं, आईने ज्याच्यासाठी सोळा सोमवार धरले, त्या बिनलग्नाचे १०. सत्तर! इंग्रजीत चारी भागांत सहा आणले आणि असेसमेंट झालं, की गडी ६५ ची रेघ ओलांडून पलीकडे. असेसमेंटला आठ वर्षं शेती केल्याचे कागद लागतात म्हणे. गुलाबी बोंडअळीने साक्ष दिली असती, पण तिला सही येत नाही.

आता खरी गंमत. पोट्टा ऑस्ट्रेलियाला चालला, अशी हूल पुलगावपर्यंत गेली आणि ज्या दारात तीन वर्षं कुणी फिरकलं नव्हतं तिथे स्थळांची रांग लागली. मागे ‘कळवतो’ म्हणून गेलेलेही कळवायला आले. आईने हरखून नारळ आणला. तर पोट्टाच नाही म्हणतो. का? लग्न केलं की १० गेले. राहिले ६०. नापास! म्हणजे बायको नाही म्हणून व्हिसा, व्हिसा म्हणून बायको, आणि बायको आली की व्हिसा नाही. मामा शहाणा. त्याने आकडेमोड करून तोड काढली: पोरगी इंग्रजीत सहावाली पाहायची, तिचे ५ येतील, ६० आणि ५, काठावर ६५. तेव्हापासून ते पोरी पाहायला जातात तेव्हा रंग, उंची, स्वयंपाक काही विचारत नाहीत. मामा गंभीरपणे विचारतो, ‘लिसनिंगमध्ये किती?’

मागच्या रविवारी असंच एक स्थळ पाहणं झालं. पोरगी बी.एस्सी. नर्सिंग, आयलेट्समध्ये चारी भागांत सात. मामाने डोळे मिटून देवाला हात जोडले. पोरीने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, समोरची खुर्ची ओढून बसली आणि पोट्ट्याला म्हणाली, ‘तुमचं आयलेट्स झालं का?’

‘अजून नाही.’

‘म्हंजे तुमचे शून्य. मी एकटी गेली तर मले दहा भेटतात.’

मामा म्हणाला, ‘बाई, चहात साखर जरा कमी पडली.’