रिंग कशी करावी: होतकरू व्यापाऱ्यांसाठी प्राथमिक धडे

हे धडे नवशिक्यांसाठी आहेत. ज्यांच्या घरात रिंग वाडवडिलांपासून चालत आली आहे, त्यांनी हे वाचून वेळ दवडू नये.

आधी तुमची पात्रता तपासून पाहू. तुम्ही कधी सोसायटीच्या, शाळेच्या किंवा गणेशोत्सव मंडळाच्या कामासाठी तीन कोटेशनं मागवली आहेत का? छपाईवाल्याकडे गेलात की तो विचारतो, "साहेब, एकच देऊ की तिन्ही देऊ?" तिन्ही लेटरहेडं त्याच्याच ड्रॉवरमध्ये असतात. एक त्याचं, एक मेव्हण्याचं आणि एक अशा दुकानाचं, जे बंद पडून चार वर्षं झाली. तुम्ही फाइलला तीन कागद लावता, सर्वांत कमी दरावर गोल करता आणि नियम पाळल्याच्या समाधानात घरी जाता. हे तुमच्या हातून घडलं असेल तर तुम्ही शिकवणीला पात्र आहात. बाकी फरक फक्त रकमेचा.

आता व्याख्या. बाजार अर्थव्यवस्थेत विक्रेत्यांनी एकमेकांशी झुंजावं आणि त्या झुंजीत गिऱ्हाइकाचा फायदा व्हावा, अशी कल्पना आहे. कल्पना सुंदर आहे, पण झुंजायला घाम गाळावा लागतो. त्यापेक्षा एका टेबलाशी बसून चहा पिणं बरं. या चहापानालाच रिंग म्हणतात. भाव ठरवणं, माल मुद्दाम कमी काढणं, गिऱ्हाइकं किंवा जिल्हे वाटून घेणं आणि निविदा मॅनेज करणं, हे चार उद्योग भारताच्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहून ठेवलेले आहेत. कायद्याने आपला अभ्यासक्रमच छापून दिला म्हणायचा.

धडा पहिला: माणसं थोडी, संघटना मोठी

रिंगमध्ये माणसं जितकी कमी तितका जीव सुरक्षित. तीन उत्तम. देशात टॉर्चचे आणि घड्याळाचे साधे सेल विकणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांनी 2008 पासून कित्येक वर्षं भाव एकमेकींना विचारून ठरवले, ते तीनच होत्या म्हणून जमलं. तेरा असत्या तर एकीने तरी दिवाळीत स्कीम काढलीच असती.

पण भेटणार कुठे? हॉटेलात भेटलात तर बिल राहतं. त्यासाठी व्यापारी संघटना काढा. संघटनेला घटना असते, अध्यक्ष असतो, वार्षिक सभेत दिवंगतांना श्रद्धांजली असते. अशा ठिकाणी पाप होतं असं कुणाच्या मनातही येत नाही. सेलवाल्यांची संघटना होती, बिअरवाल्यांची होती, सिमेंटवाल्यांची होती. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी तर पुढची पायरी गाठली. कंपनीला नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर आमचं ना हरकत प्रमाणपत्र आणा, असा दंडक त्यांनी पाडला. गोव्यातल्या संघटनेविरुद्ध वार्का इथल्या एका विक्रेत्याने तक्रार केली आणि 2012 साली स्पर्धा आयोगाने संघटनेला दोषी धरलं. यावरून धडा असा की संघटनेने कागदावर काही लिहू नये. प्रमाणपत्र तोंडी द्यावं.

धडा दुसरा: आकड्यात थोडी कला हवी

भारतीय अन्न महामंडळाने 2009 च्या मे महिन्यात गोदामातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून लागणाऱ्या गोळ्यांची निविदा काढली. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. तीन कंपन्यांनी दर भरले. पहिलीचा किलोला 388 रुपये, दुसरीचा 388 आणि तिसरीचाही 388. तिन्ही कंपन्यांचा कच्चा माल, वाहतूक, वीज, मजुरी आणि नफ्याची हाव रुपयापर्यंत तंतोतंत जुळली, असं या कंपन्या स्पर्धा आयोगाला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयालाही पटवू शकल्या नाहीत.

नवशिक्यांनी ही चूक टाळावी. 388, 391 रुपये 40 पैसे आणि 402 असं काहीतरी भरावं. हरणाऱ्याने जरा जास्त भरायचं, पुढच्या खेपेला तो जिंकणार. त्याला पाळी लावणं म्हणतात, भिशीसारखंच असतं. पुणे महानगरपालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या 2013 सालच्या निविदांमध्ये नुसती शोभेसाठी भरलेली डमी टेंडरं सापडली आणि 2018 साली संबंधित कंपन्यांना दंड झाला. म्हणजे कचऱ्यातही पैसा आहे हे आपल्या लोकांना कळलं होतं, डमी नीट दिसायला हवी हे मात्र कळलं नव्हतं.

धडा तिसरा: प्रतिपक्षाची कुंडली

आता तुमच्या मार्गातला अडथळा. जुन्या पिढीचे व्यापारी अजूनही मक्तेदारीविरोधी एमआरटीपी आयोगाच्या आठवणीने हळवे होतात. 1969 चा कायदा, 1970 चा आयोग. तो फार तर ‘असं पुन्हा करू नका’ असा हुकूम काढायचा, दंड ठोठावण्याचा अधिकारच त्याला नव्हता. शाळेत मास्तरांनी वर्गाबाहेर उभं करावं तसं. बाहेर उभं राहायचं, वारा खायचा, पुढच्या तासाला आत.

मग उदारीकरण आलं. परवाने गेले, आता बाजारावर नजर ठेवायला नवा राखणदार हवा असं ठरलं आणि राघवन समितीच्या अहवालानंतर 2002 साली स्पर्धा कायदा संसदेत मंजूर झाला. इथे नवशिक्याने वही उघडून नीट लिहून घ्यावं. कायदा 2002 चा. त्यातली संगनमत आणि मक्तेदारीचा गैरवापर यांविषयीची कलमं लागू झाली 20 मे 2009 रोजी. कंपन्यांच्या विलीनीकरणावर नजर ठेवणारी कलमं 1 जून 2011 रोजी. मधल्या काळात आयोगाच्या अध्यक्षपदी न्यायाधीश असावा की प्रशासक यावर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, 2007 साली कायदाच दुरुस्त करावा लागला. बारसं झाल्यावर साडेसहा वर्षांनी मूल पहिलं पाऊल टाकतं, तेव्हा आसपासचे लोक सावध होऊन बसलेले असतात.

तरीही पाऊल टाकल्यावर ते जोरात टाकलं हे कबूल केलं पाहिजे. 2011 साली एका बड्या बांधकाम कंपनीला 630 कोटींचा दंड, 2012 साली 11 सिमेंट कंपन्यांना आणि त्यांच्या संघटनेला मिळून 6,300 कोटींच्या आसपास, 2022 साली गूगलला अँड्रॉइड प्रकरणी 1,337 कोटी. वर्तमानपत्रांत मथळे आले की घाबरून जाऊ नका. मथळ्यातला आकडा आणि सरकारच्या तिजोरीत पडलेला आकडा यांच्यात बरंच अंतर असतं. ते कसं वाढवायचं हे पुढच्या दोन धड्यांत.

धडा चौथा: रिकाम्या खुर्चीची उपासना

रिंगचा खरा हितचिंतक म्हणजे रिकामी खुर्ची. मूळ कायद्यात आयोगावर अध्यक्षाशिवाय दहापर्यंत सदस्य नेमता येत होते. 2007 साली ते सहावर आणले. 2018 साली मंत्रिमंडळाने ठरवलं की अध्यक्ष आणि तीन सदस्य पुरेत. कमीत कमी सरकार, जास्तीत जास्त कारभार. निर्णयासाठी किमान तिघांची गणपूर्ती लागते. चारातून तीन लागणार असतील तर गणित तिसरीतल्या पोरालाही जमेल: दोघं निवृत्त झाले की काम थांबलं.

आणि तसंच झालं. एक जागा आधीच रिकामी होती, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष निवृत्त झाले. उरले दोघं. गणपूर्ती नाही. ज्या देशात दर आठवड्याला कुठली ना कुठली कंपनी दुसरीला विकत घेते, तिथे मंजुरीची दारं काही महिने बंद. शेवटी 2023 च्या फेब्रुवारीत ‘नाइलाजाचा सिद्धांत’ नावाचं जुनं कायदेशीर तत्त्व बाहेर काढून दोघांनीच विलीनीकरणांना परवानगी द्यायला सुरुवात केली. पूर्ण वेळ अध्यक्ष मिळाल्या त्याच वर्षीच्या मे महिन्यात.

अध्यक्षांच्या निवृत्तीची तारीख ते रुजू होतात त्या दिवशीच ठरलेली असते. ती काही वादळासारखी अचानक येत नाही. तरी खुर्ची सात महिने रिकामी राहते, यात कुणाचाही कट नसतो. आपल्याकडे लग्नाची तारीख सहा महिने आधी ठरते आणि मांडववाल्याला आदल्या रात्री फोन जातो, तेवढंच. नवशिक्याने या स्वभावावर विश्वास ठेवावा.

धडा पाचवा: तारीख

(हा धडा महाग आहे, कारण त्यात वकील लागतात.)

सिमेंटचं प्रकरण पाठच करा. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेची तक्रार 2010 ची. दंड 2012 चा. 2015 च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायाधिकरणाने आदेश रद्द केला. कारण काय? संगनमत नव्हतं म्हणून नव्हे. सुनावणीला जे अध्यक्ष हजर नव्हते त्यांनी आदेशावर सही केली होती म्हणून. ज्याने ऐकलं त्यानेच ठरवावं, हे गावच्या पंचायतीतही पाळतात. आयोगाने पुन्हा सुनावणी घेतली, 2016 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा दंड ठोठावला. 2018 साली न्यायाधिकरणाने तो कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे दंडाचे 10 टक्के भरून वसुली थांबली. तक्रार झाली तेव्हा पहिलीत असलेला मुलगा एव्हाना नववीत गेला होता.

टायरचा किस्सा याहून गोड आहे. पाच टायर कंपन्यांना मिळून 1,788 कोटींचा दंड करणारा आदेश 31 ऑगस्ट 2018 रोजी तयार झाला, पण मद्रास उच्च न्यायालयात प्रकरण चालू असल्याने लखोट्यात बंद राहिला. लखोटा उघडला 2022 च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायाधिकरणाने आकडेमोडीतल्या चुका वगैरे दाखवून प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवलं.

शिवाय 2017 पासून स्पर्धा कायद्याची अपिलं राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे जातात. तिथे दिवाळखोरीची प्रकरणं आधीच खचाखच भरलेली. सरकारी दवाखान्याच्या रांगेसारखं आहे: ज्याला ताप आहे तो बसून राहतो, कारण पुढे सगळे अपघातवाले.

दंडाच्या गणितातही फट होती. त्या 388 रुपयांच्या गोळ्यांच्या एका कंपनीला आयोगाने 63 कोटी 90 लाख दंड केला होता, तिच्या सगळ्या उलाढालीवर. कंपनी म्हणाली, आम्ही इतर मालही बनवतो, त्याने काय पाप केलं? 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं आणि दंड तीन कोटींच्याही आत राहिला. न्यायाच्या दृष्टीने युक्तिवादात दम आहे, हे मलाही नाकारता येत नाही. पण रिंगचा हिशेब करताना तुम्ही न्यायाच्या दृष्टीने थोडेच बघणार?

वाईट बातमी अशी की ही फट बुजवली गेली. 2023 च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा जगभरातल्या एकूण उलाढालीवर नेली, आणि अपील करायचं तर 25 टक्के रक्कम आधी भरा असं ठरवलं. तक्रारीला तीन वर्षांची मुदतही घातली. हा एक तुकडा तेवढा आपल्या ताटात पडला.

मधली सूचना: सावध राहण्याची माणसं

काही लोक आयोग बळकट करण्याच्या गोष्टी बोलतात. त्यांच्या मागण्या ऐकून झोप येते, आणि म्हणूनच त्या धोकादायक आहेत. खुर्ची रिकामी होण्याआधी माणूस नेमा. चौकशी करणाऱ्या महासंचालकांच्या कार्यालयात आकडेवारी वाचू शकणारी माणसं द्या. अपिलांसाठी वेगळं पीठ करा. आदेशावर सही करणारा सुनावणीला बसलेला असावा. यात कुठेच क्रांती नाही, घोषणा द्यायला काही नाही, मोर्चा निघत नाही. कुणी असं बोलू लागला की चर्चा लगेच नव्या कायद्याकडे वळवा. नवा कायदा म्हटलं की सगळे खूश होतात आणि खुर्चीचं विसरतात.

पण मला विचाराल तर दिल्लीतल्या आयोगापेक्षा भ्यावं ते जिल्हा परिषदेच्या टेंडर विभागातल्या एका विशिष्ट कारकुनाला. हा माणूस दहा वर्षं त्याच टेबलावर असतो, चहा स्वतःच्या पैशाने पितो आणि निविदांच्या जुन्या फायली फेकत नाही. एखाद्या दुपारी, वीज गेलेली असताना, त्याच्या लक्षात येतं की गेली सहा वर्षं हरणारे तेच आहेत आणि जिंकणारे पाळीने बदलतात. असा माणूस दिसला तर त्याची बदली होईल याची काळजी घ्या. बढतीवर.

धडा सहावा आणि शेवटचा: शेजारी बसलेला माणूस

हा धडा वाचण्याआधी पाणी प्या.

रिंगला, म्हणजे कायद्याच्या भाषेत कार्टेलला, दंड आहे तो संगनमत चाललं त्या दर वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते. आणि त्याच कायद्यात एक खिडकी ठेवली आहे. तुमच्यापैकी जो आधी आयोगाकडे जाऊन सगळं सांगेल, त्याला दंडात 100 टक्क्यांपर्यंत माफी. दुसऱ्याला 50 टक्क्यांपर्यंत. त्यामागून येणाऱ्यांना 30. रांगेतला नंबर लावायला आधी तोंडी किंवा ईमेलने कळवलं तरी चालतं, कागद नंतर.

2017 साली रेल्वेच्या पंख्यांच्या प्रकरणात पहिली सूट दिली गेली, 75 टक्के. सीबीआयकडून पुरावा आधीच मिळाला होता म्हणून पूर्ण नाही. 2018 साली सेलच्या प्रकरणात, त्या आदर्श तीन कंपन्यांपैकी एक आधी जाऊन बोलली. तिला दंड शून्य, बाकी दोघींना मिळून 200 कोटींच्या वर. बिअरमध्ये तर गंमतच झाली. एका परदेशी कंपनीने दुसरी विकत घेतली, कपाटं तपासली आणि भारतातल्या शाखेत संगनमत सापडलं. ती सरळ आयोगाकडे गेली. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये छापे पडले, 2021 साली इतरांना 873 कोटींचा दंड, तिला काही नाही. पुण्याच्या कचऱ्यातही मंडळी सवलतीच्या अर्जासाठी एकामागून एक धावली. दहा-दहा वर्षं एका ताटात जेवलेली माणसं.

आणि आता तर आणखी एक सोय केली आहे. एका रिंगमध्ये पकडला गेलेला माणूस दुसऱ्या रिंगची माहिती देईल, तर त्याला पहिल्या दंडातही जादा सूट. म्हणजे तुमचा भागीदार आणखी कुठल्या रिंगमध्ये आहे, याची चौकशी लग्नाआधी स्थळाची करतात तशी करायला हवी.

तेव्हा पुढच्या बैठकीला हजेरी घ्या. कोण आलं, कोण नाही, कुणाचा फोन व्यस्त लागतोय ते बघा. मागच्या खेपेला तो गप्प गप्प होता, चहाला नको म्हणाला, आणि निघताना त्याने भावाचा तक्ता लिहिलेला कागद फाडायच्या ऐवजी घडी घालून खिशात ठेवला. तुमच्या लक्षात आलं होतं का?