सर्जनशीलतेची हजेरी

एका विद्यापीठाच्या माध्यम अभ्यासक्रमाचं धोरणपत्रक वाचून ऊर भरून आला. सर्जनशीलतेला इतकी शिस्त आजवर कुणी लावली नव्हती. हजेरी ७५ टक्के: कॅमेरा घेऊन बाहेर भटकाल तर गैरहजर, वर्गात बसून कॅमेऱ्याच्या स्लाइड बघाल तर हजर. लघुपट पाच मिनिटांचा, त्याचा अहवाल चाळीस पानी, स्पायरल बाइंडिंगसह. स्वतंत्र कल्पनेला दहा गुण. मात्र ती विभागप्रमुखांकडून आगाऊ मंजूर करून घ्यावी.

हे पत्रक वेळेवर निघालं असतं तर केवढे अनर्थ टळले असते! १९१२ साली दादासाहेब फाळके परस्पर लंडनला गेले, रजेचा अर्ज नाही. परत आल्यावर वाटाण्याचं रोप वाढताना टिपत बसले, हजेरी शून्य. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाला दिली, संमतिपत्र जोडलेलं नाही. १९१३ मध्ये चित्रपट झळकला म्हणे. असेल. अहवाल कुठाय?

उचलेगिरीबाबत पत्रक विशेष कडक आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, इथे तेही चालणार नाही. हे कलम ज्या पानावर आहे, तिथे दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून गेलंय.