गाणी तुमची, कुलूप त्यांचं

क्लाउडवर गाणी चढवली की संग्रह सुरक्षित झाला, ही समजूत आता तरी सोडा. गूगलने २०११ मध्ये २०,००० गाणी फुकट ठेवायची सोय दिली, २०१५ मध्ये मर्यादा ५०,००० केली आणि २०२० च्या अखेरीस ती सेवाच बंद केली. यूट्यूब म्युझिकवर गाणी हलवायला मुदत होती, ती ज्यांनी चुकवली त्यांची गाणी गेली. अ‍ॅमेझॉनने अडीच लाख गाण्यांची जागा वार्षिक वर्गणीवर विकली आणि २०१८ पासून तीही गुंडाळायला घेतली.

बंद पडण्याहून मला जास्त चीड येते ती अदलाबदलीची. अ‍ॅपल म्युझिक सुरुवातीला गाण्याचं नाव, गायक, अल्बम एवढंच पाहून आपलं गाणं कंपनीच्या साठ्यातल्या गाण्याशी जुळवत असे. मैफलीतलं गाणं द्यावं आणि दुसऱ्या फोनवर स्टुडिओतलं वाजावं! २०१६ मध्ये कंपनीने प्रत्यक्ष आवाज ताडून जुळवणी सुरू केली. पण तोवर लोकांना पुरेसा मनस्ताप झाला होता. आपल्या संगीताला तर ही नावांची जुळवणी मुळीच चालणारी नाही. गायक तोच, राग यमनच, बंदिशही तीच. तरी दोन मैफलींतली बढत वेगळी, साथीला बसलेला तबलजी वेगळा. गणेशोत्सवातल्या मैफलीची घरी जपलेली कॅसेट कुठल्याच कंपनीच्या साठ्यात नसते. कॅसेट खराब झाली आणि तिच्यावरून उतरवलेली फाइलही गेली की ते गाणं कायमचं गेलं.

शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर जागा करायला काही उडवलं की ते लॅपटॉपवरूनही उडू शकतं. म्हणून मूळ फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाची प्रत न घटवणाऱ्या स्वरूपात, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. गायक, राग, साथीदार, ठिकाण, तारीख फाइलमध्येच लिहा. क्लाउड हवाच, पण तिसरी प्रत म्हणून. सगळ्या उपकरणांवर ऐकायचं असेल तर घरातल्या जुन्या संगणकावर नेव्हीड्रोम हे आपलीच गाणी इतर उपकरणांवर ऐकवणारं सॉफ्टवेअर बसवा. ते फुकट आहे आणि संग्रह आपल्याच डिस्कवर राहतो.

आणि कंपन्यांकडे एक हक्काची मागणी करायला हवी. सेवा बंद करताना वर्षभर आधी सांगा, आणि आम्ही चढवलेली फाइल जशी दिली तशीच, आम्ही लिहिलेल्या माहितीसकट परत करा. वर्गणी घेताना ही अट करारात आधीच लिहिलेली असली पाहिजे.