इतवारीत प्रिंटर

नागपुरात घरात काही मोठं घ्यायचं निघालं की दोन पक्ष पडतात. एक सीताबर्डीच्या बाजाराचे म्हणजे बर्डीवाले, दुसरे जुन्या इतवारी बाजाराचे म्हणजे इतवारीवाले. बर्डीवाल्यांना पिशवीवर दुकानाचं नाव हवं असतं. इतवारीवाल्यांना पिशवीच नको असते, तिचे दोन रुपये कमी करून हवे असतात. आमचं घराणं पिढीजात इतवारीवालं. लग्नाचा बस्ता गांधीबागेतला, हळद-तिखट किराणा ओळीतलं आणि सोनं (जेव्हा केव्हा झालं तेव्हा) सराफ्यातलं. त्यामुळे मुलीच्या शाळेतल्या प्रोजेक्टांच्या जिवावर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दुकानाला एसी लावून घेतला आणि आता घरीच प्रिंटर आणायचा असं ठरलं, तेव्हा तो कुठून आणायचा यावर चर्चा झालीच नाही. इतवारीत मिळत नसेल तर ती वस्तू अजून निघायची आहे, असं आमचे वडील समजत.

सोबत भाचा होता. तो इंजिनीअरिंगला आहे आणि त्याच्या मोबाइलमध्ये भाव पाहायची इतकी अ‍ॅपं आहेत की अभ्यासाला जागा कुठून उरणार. सुभाषनगरला मेट्रोत बसलो. ११ डिसेंबर २०२२ ला ही अ‍ॅक्वा लाइन बर्डीच्या पुढे प्रजापतीनगरपर्यंत गेली आणि इतवारीवाल्यांच्या आयुष्यातला एक मोठा प्रश्न मिटला : गाडी कुठे लावायची. त्याआधी सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर स्कूटर लावून खरेदीला जाणारा माणूस परत येईपर्यंत खरेदीचा नव्हे, स्कूटरचाच विचार करत असे.

"मामा, १२,२९९ दाखवून राहिलं," भाचा शंकरनगरला म्हणाला. झाशी राणी चौक येईपर्यंत ते ११,९९९ झालं. सीताबर्डीला गर्दी चढली, तसा भावही चढला. दोसर वैश्य चौकात एका अ‍ॅपने 'फक्त २ शिल्लक' अशी धमकी दिली, तर दुसऱ्याने एका विशिष्ट बँकेचं क्रेडिट कार्ड असेल तर दीड हजार सोडतो म्हणून सांगितलं. ते कार्ड आमच्याकडे नव्हतं. भाचा म्हणाला, कार्डही अ‍ॅपवरच मिळतं, काढून घेऊ. म्हणजे प्रिंटर स्वस्त पडावा म्हणून आधी कर्जाची सोय. एवढं सगळं होईपर्यंत चितार ओळी चौक आला, म्हणून वाचलो.

चितार ओळ म्हणजे मूर्तिकारांची ओळ. गणपतीच्या आधी इथे पाय ठेवायला जागा नसते. इतवारी-गांधीबागेचा सगळा कारभार असा ओळीतच चालतो. किराणा ओळ, सराफा ओळ, लोहा ओळ. बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटतं. एकाच मालाची इतकी दुकानं एकमेकांना चिकटून कशाला, धंदा कसा होत असेल? पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. पहिल्या दुकानात जिऱ्याचा भाव ऐकायचा, तोंड वाकडं करायचं, पायरी उतरायची, शेजारच्या दुकानाची पायरी चढायची. पहिल्याला दिसत असतं आपण कुठे चढलो ते. तो तिथूनच ओरडतो, "या नं जी परत, पाहून घेऊ!" भाव पडला. चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, कोणत्याही बँकेचं कार्ड लागत नाही. शिवाय जिरं दातांखाली धरून पाहता येतं. भावाची तुलना करायची ही सोय इतवारीने मोबाइल निघायच्या कितीतरी आधी विटा-चुन्यात बांधून ठेवलेली आहे.

याच्या उलट जुन्या बाजारांतला हत्ता. धान्याच्या आणि जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. ज्याचा माल, त्यालाच शेवटपर्यंत कळायचं नाही. भाचा म्हणाला, काय मागासलेपणा! मी त्याला विचारलं, तुझ्या अ‍ॅपवर तोच प्रिंटर तुला ११,९९९ आणि तुझ्या मित्राला १२,४९९ दाखवतो, तेव्हा रुमाल कोणाच्या हातावर असतो? तो यावर काही बोलला नाही, पण त्याने मित्राला फोन मात्र केला.

अडचण एवढीच की इतवारीत प्रिंटर ओळ नाही.

"प्रिंटर कुठे मिळेल जी?" असं किराणा ओळीत विचारलं. मिरच्यांच्या पोत्याआडून उत्तर आलं, "सरळ जा." शहीद चौकात विचारलं, तिथेही सरळच. इतवारीत सरळ असा रस्ता एकही नाही, तरी सगळे सरळच जायला सांगतात. त्यातून हातगाडीवाले "बाजू, बाजू" करत मागून येतात, आणि बाजूला ई-रिक्षा उभी असते. एका पानठेल्यावर तर "पत्रिका छापायची आहे का? कोणाचं लग्न?" म्हणून चौकशी झाली. भाच्याकडे बघून पुढचेही दोन प्रश्न आले. तिथून आम्ही जरा लगबगीने निघालो.

शेवटी एक दुकान सापडलं. पुढे वह्या, रोकड-खातेवह्या, बिलबुकं आणि मागे भिंतीला लागून प्रिंटरचे खोके. गादीवर शेठजी.

"कायले पाह्यजे प्रिंटर? दुकानाले का घराले?"

"घराले."

"मंग स्वस्तातला दाखवू का महागातला?"

हा प्रश्न मला आवडला. बर्डीला हे असं कोणी विचारत नाही. पण भाच्याने तेवढ्यात खोक्यावरच्या बारकोडला मोबाइल लावला होता. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या पुड्यावर पहिल्यांदा हा बारकोड वाचून पैसे घेतले गेले. आता तशाच रेघा शेठजींच्या दुकानातल्या अंधारात वाचल्या जात होत्या. मोबाइल जरा वेळ गरगरला आणि म्हणाला, असा माल नाही.

"कसा नाही? तुमचंच यंत्र आहे हे," भाचा म्हणाला. ऑनलाइन त्याच यंत्राच्या नंबरापुढे एक वेगळं अक्षर होतं, शेठजींच्या खोक्यावर वेगळं. रंग तोच, झाकण तेच, वायर तीच. ऑनलाइनसाठी एक नंबर, दुकानांसाठी दुसरा, मोठ्या शोरूमसाठी तिसरा. दोन सारख्या वस्तूंना दोन नावं दिली की त्यांची तुलनाच होत नाही, ही युक्ती ज्याने काढली तो नक्की एखाद्या ओळीत वाढलेला असणार.

शेठजी शांतपणे उठले. स्वतःचा मोबाइल काढला. त्यांच्याकडेही तीच अ‍ॅपं होती. "हे पाहा, आज तिथे माझ्यापेक्षा २०० नं कमी आहे. सेल लागला का मी बी तिथूनच मागवतो. घ्या तिकडून. लावून पाह्यजे असंल तर मी येईन घरी, ५०० घेईन."

भाच्याचं सगळं शस्त्रागार तिथेच निकामी झालं. मग शेठजी मुद्द्यावर आले, आणि मला वाटतं साऱ्या प्रवासात कामाचं बोलणं एवढंच झालं.

"खोक्याचा भाव काय पाहता? पानाचा भाव पाहा." त्यांनी एका बिलबुकाच्या मागे पेन्सिलीने मांडलं. स्वस्त प्रिंटर साडेतीन हजारांचा. त्याचं छोटं काळं कार्ट्रिज नऊशेच्या घरात, पानं निघणार शे-सव्वाशे. म्हणजे एका पानाला साडेसात रुपये. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाच घेतो. टाकीवाला प्रिंटर बारा हजारांचा, पण त्याची काळ्या शाईची बाटली चारशेच्या आसपास आणि पानं चार हजारांच्या वर. पानाला दहा पैसेसुद्धा नाहीत. यंत्र जवळपास फुकट द्यायचं आणि शाईवर जन्मभर वसूल करायचं, हा हिशेब सगळ्या जगाला माहीत आहे. तरी अ‍ॅप उघडलं की आपण किमतीत 'कमीकडून जास्तीकडे' लावतो आणि सगळ्यात वर जो येतो तो साडेतीन हजारांचाच असतो.

"आणि पोरगी काय छापते?" शेठजींनी विचारलं.

मी सूर्यमालेचा प्रोजेक्ट सांगितला. शेठजींनी पेन्सिल खाली ठेवली. कंपन्या जे पान धरून हिशेब करतात त्यावर शाई साधारण पाच टक्के जागेवर असते, चार ओळींच्या पत्रासारखी. आमच्या मुलीचं अंतराळ कडेपासून कडेपर्यंत काळं, मध्ये बोराएवढा गुरू. म्हणजे हे एक पान कंपनीच्या वीस पानांबरोबर. स्वस्त कार्ट्रिजात सहा सूर्यमाला झाल्या की शाई खलास. पृथ्वी पांढऱ्या कागदावर काढायला शिकवा, असा जो सल्ला त्यांनी दिला तो अ‍ॅपवर कुठेच नव्हता.

मग भाच्याने माहितीपुस्तक वाचलं. चालवण्याचं तापमान १० ते ३५ अंश. शेठजींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा ४५ च्याही वर जातो, आणि ३५ अंश होतात तेव्हा लोक गच्चीवर 'आज बरं वाटते' म्हणत गाद्या टाकतात. त्या दिवसांत प्रिंटर चालवला नाही तर शाई बारीक भोकांत वाळते. ती मोकळी करायला यंत्र स्वतःच शाई ओतून धुवून काढतं. म्हणजे छापलं तर शाई जाते, नाही छापलं तरी जाते. "आठवड्यातून एक पान काढत जा," शेठजी म्हणाले, "काही नसंल तर 'श्री' छापा." खातेवहीच्या पहिल्या पानावर पिढ्यान्‌पिढ्या 'श्री' लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार.

टाकीवालाच घेतला. शेठजींनी दोनशे सोडले नाहीत, काळ्या शाईची एक बाटली वर दिली, आणि पिशवी दिली नाही. खोका सुतळीने बांधून मेट्रोत मांडीवर घेतला. शेजारच्या काकूंनी विचारलं, कितीला पडला? भाव ऐकून त्यांनी लगेच मोबाइल काढला. आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो.

आता एक विनंती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. सोबत भ्रष्टाचाराचे, महागाईचे पुतळे, म्हणजे बडगे, निघतात, आणि रोगराई, संकटं घेऊन जा म्हणून अख्खं जुनं नागपूर ओरडत असतं. बडगे बनवणाऱ्या मंडळांनी यंदा एक बडग्या नऊशे रुपयांच्या कार्ट्रिजचाही करावा. कागद, कामट्या आणि वर्गणी आमच्याकडून. पाटी तेवढी ब्रशने रंगवा. तिच्यावर काळं खूप लागेल.